हळदीतली रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी मिस्त्रीचं नाव घेतो. नागपुरात लकडगंजच्या मागच्या गल्लीत लाकूड कापायची एक आरामशीन होती, तिच्यावरचा तो मुख्य कारागीर. सगळी गल्ली त्याला मिस्त्रीच म्हणे आणि मलाही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायची वेळ कधी आली नाही. तो माझ्या नात्यातला नव्हता. प्रेमळ तर मुळीच नव्हता. इतकं टोचून बोलणारा माणूस मला पुढे नोकरीतही भेटला नाही. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच्यामुळे, आणि आज धडधाकट आहे तोही बहुधा त्याच्यामुळेच. हा 'बहुधा' त्याला फार महाग पडला.

आमचं गाव भिवापूरकडचं. मी मॅट्रिक झाल्यावर बाबा मला घेऊन नागपूरला आले. मिस्त्री आमच्या बाजूचा, एवढीच ओळख. बाबांनी हात जोडून सांगितलं, पोराला कॉलेज करायचं आहे, पोटापुरतं काम द्या. मिस्त्रीनं माझा पंजा उलटा करून पाहिला.

"हे हात हायेत का पापड बे?" तो म्हणाला. "अन् कालेजात जाऊन का करशीन? बापाले इंग्रजीत शिव्या देशीन?"

सगळे कामगार हसले. बाबाही हसले, कारण त्यांना माझ्यासाठी काम हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पट्ट्याच्या मागे उभा राहू लागलो.

आरामशीनचा पट्टा म्हणजे एका बाजूला दात असलेली लांबलचक पोलादी पट्टी. तिची टोकं जोडून कडं करतात आणि ते वरच्या नि खालच्या अशा दोन मोठ्या चाकांवर चढवतात. चाकं फिरली की पट्टा फिरतो. पुढून मिस्त्री लट्ठा, म्हणजे लाकडाचा ओंडका, ढकलायचा, मागून मी ओढायचो. लाकूड कितीही जड असलं तरी आम्हा दोघांना एका चालीनं चालावं लागे. पट्टा तुटला तर तो जागच्या जागी पडत नाही. ताण सुटताच साप उसळावा तसा उसळतो, आणि कोणत्या बाजूला उसळेल ते सांगता येत नाही.

माझं कॉलेज सकाळचं. मिस्त्रीनं आरामशीनच्या मालकाला, शेठला, सांगून ठेवलं होतं की सकाळी लाइन कमजोर राहते, मोटर लाकूड ओढत नाही, म्हणून तेव्हा धार लावायची आणि मशीन दुपारी चालवायची. हे मला खरं वाटायचं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या तेव्हा मशीन सकाळपासून चालू लागली आणि मोटर लाकूड छान ओढू लागली. मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो म्हणाला, "काहून पाहून राहिला? फळी पकड."

पट्टा कधी उतरवायचा हे त्यानं मला शिकवलं, तेही त्याच्याच पद्धतीनं. चालत्या मशीनपुढे तो मला डोळे मिटायला लावी आणि विचारी, "उतरवाचा का चालू द्याचा?" उत्तर चुकलं की मूठभर भुसा कॉलरमधून पाठीत. सागाचा भुसा घामावर बसला की संध्याकाळपर्यंत अंग खाजत राहतं. त्यामुळे मी लवकर शिकलो. धार चांगली असते तेव्हा भुसा रवाळ पडतो. धार गेली की तो पिठासारखा होतो आणि त्याला करपट वास येतो. आवाज आधी एकसुरी असतो, मग त्यात शिट्टी मिसळते. लट्ठा जास्त रेटावा लागतो, फळीवर लाटा उमटतात. आणि दाताच्या बुडाशी तडा गेला असेल तर दर फेऱ्याला, तो भाग पुढे आला की, बारीक टिक असा आवाज येतो. टिक ऐकू आली की विचार करायचा नाही, मोटर बंद करायची. मग पट्ट्यावर घासलेट चोळून तो कोरडा पुसायचा आणि वर चुना लावायचा. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट परत बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यात काळपट रेघ उमटते.

अडचण अशी होती की कामगारांना मजुरी कापलेल्या मालावर मिळे. पट्टा उतरवून दुसरा चढवायचा, ताण जुळवायचा, म्हणजे तेवढा वेळ सगळ्यांची कमाई बंद. म्हणून जो आधी 'उतरवा' म्हणेल त्याच्या सदऱ्याच्या खुंटीला काचेची हिरवी बांगडी अडकवायची रीत होती. मिस्त्रीच्या खुंटीला कायम बांगड्या असत. पोट्टे त्याच्या तोंडावर विचारत, "मिस्त्रीबाई, आज सैपाक का केला?" तो त्यांच्या आयांवरून असं काही बोले की ते मी इथे लिहू शकत नाही.

फाटकावर एक चौकीदार बसायचा. त्याला उजवा हात नव्हता. मी ज्या जागेवर उभा राहायचो तिथे पूर्वी तोच उभा राहायचा. एका संध्याकाळी पट्टा शिट्टी मारत असताना 'एक फळी काढू अन् मंग उतरवू' असं ठरलं. ठरवणारा मिस्त्रीच होता. ती फळी पूर्ण निघाली नाही. हे मला इतर कामगारांनी सांगितलं, तेही हसत, जणू लग्नात झालेली एखादी फजिती सांगावी. ते चौकीदाराला थोटा म्हणत, येता-जाता 'हात मिळवा ना गा' म्हणत. मिस्त्री सगळ्यांच्या वरताण. लट्ठा मोजताना तो टेपचं टोक चौकीदाराच्या दातात द्यायचा आणि म्हणायचा, "धर. तोंड तरी कामाले येऊ दे." चौकीदार टेप दातात धरून उभा राहायचा. मी एकदा म्हणालो, मिस्त्री, असं करू नका. तर टेप माझ्या दातात आला.

मी बी.एस्सी. झालो त्या वर्षीचा दसरा. निकाल लागला होता, नोकरीसाठी अर्ज टाकून मी मशीनवरच होतो. दिवाळीच्या आधी दारं-खिडक्यांच्या मालाची घाई असते. दसऱ्याच्या आदल्या दुपारी पट्ट्यानं शिट्टी धरली. भुसा तपकिरी पडू लागला. मग मला टिक ऐकू आली. मिस्त्रीनं मोटर बंद केली तेव्हा सगळे त्याच्या अंगावर धावून आले. सणाच्या तोंडावर मजुरी बुडवतो म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो म्हणाला, "मी एकडाव थांबलो नाई, आता थांबन." शेवटी शेठच्या मुनीमजीनं तोडगा काढला. आजचं काम इथेच थांबवायचं, पूजेसाठी मशीन धुवायची होतीच ती आता धुऊन-पुसून घ्यायची, आणि उद्या पूजेच्या आधी मिस्त्रीनं नवा पट्टा चढवायचा. मिस्त्रीनं पट्ट्यासकट मशीन घासलेटानं पुसून काढली आणि आम्ही घरी गेलो.

सकाळी मी पोचलो तेव्हा मिस्त्री नवा पट्टा खांद्यावर घेऊन धारेच्या खोलीतून येत होता, आणि मशीनजवळ पूजा सुरू झालेली होती. शेठ लवकर आला होता. त्याच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. होणारे व्याही दसऱ्याला कारखाना पाहायला आले होते. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. भटजींनी जुन्या पट्ट्यावर कोरडी हळद चोळली होती, कुंकवाची बोटं ओढली होती, झेंडूचा हार घातला होता. मुहूर्ताचं लाकूड म्हणून सागाचा एक सुंदर तुकडा मशीनपुढच्या ट्रॉलीवर ठेवला होता. त्यातून मुलीच्या लग्नाचा पाट निघायचा होता.

आमच्या गल्लीत एक नेम होता, आणि तो सगळ्याच आरामशीनवर पाळला जाई. पूजलेल्या पट्ट्यानं मुहूर्ताचं लाकूड कापल्याशिवाय त्याला हत्यार लावायचं नाही. तो उतरवायचा नाही, सैल करायचा नाही.

मिस्त्रीनं नवा पट्टा खाली ठेवला. तो मशीनजवळ गेला, हात जोडले आणि वाकून पट्टा पाहू लागला. मग त्यानं मान न वळवता मला बोलावलं. "पाय इथं, दिसते का?" तो म्हणाला.

एका दाताच्या बुडापासून आत, दोन बोटं लांब, पिवळ्या हळदीत एक ओलसर काळपट रेघ होती. केसाएवढी. बाकी सगळी हळद कोरडी होती.

तो शेठजवळ गेला आणि हळू आवाजात बोलला. शेठनंही हसऱ्या चेहऱ्यानं हळूच उत्तर दिलं, "मेहमान बैठे हैं. एक लकड़ी निकाल, बाद में बदल ले." मग पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हमारे यहाँ पट्टे के पीछे खड़ा रहनेवाला भी बी.एस्सी. है!" आणि माझ्याकडे हात केला. पाहुणे कौतुकानं हसले. मागून कोणीतरी बोललं, "आता फळी इंग्रजीत निंघन!"

मिस्त्री मोठ्यानं म्हणाला, "पट्ट्याले तडा हाय. मी नाई चालवत."

"पूजेच्या दिवशी भेला मिस्त्री!"

"देवाच्या हळदीत तडा पाहून राहिला गा हा!"

"बांगडी आना रे, बांगडी!"

मी म्हणालो, मी रेघ पाहिली आहे, काल टिकही ऐकली आहे. माझ्या बोलण्यावर आणखी हशा पिकला. बक्षिसी मुहूर्तानंतर वाटली जायची, तिला उशीर होत होता. तेवढ्यात फाटकावरचा चौकीदार गर्दीतून पुढे आला. मला वाटलं, निदान हा तरी आमच्या बाजूनं बोलेल. तो मिस्त्रीच्या अगदी समोर उभा राहिला.

"माया येळेस काहून नाई थांबला गा?" तो म्हणाला. "मायाच हात सस्ता होता का? चालव ना आता. चालव. ह्या कालेजवाल्याचा जाऊ दे."

कोणी हसलं नाही. मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिला. मग शेठनं दोन कामगारांना खूण केली. एक मोटरच्या खटक्याकडे गेला, दुसऱ्यानं मला दंडाला धरून माझ्या जागेवर उभं केलं.

मिस्त्रीनं अवजारांच्या पेटीतून छन्नी आणि हातोडी काढली. "मांग हो बे," तो मला म्हणाला आणि त्यानं मला छातीत धक्का देऊन बाजूला पाडलं. छन्नी बरोबर त्या रेघेवर टेकवली आणि एकच घाव घातला.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. बंद मशीनवरचा पट्टा होता, तरी तो हातभर उसळला. झेंडूची फुलं पाहुण्यांच्या अंगावर उडाली. व्याही उठले, बूट घातले, आणि गाडीकडे चालू लागले. शेठ त्यांच्यामागे धावला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चप्पल होती.

शेठनं जे केलं ते मी समजू शकतो. बाकीच्यांनी केलं ते अजून समजू शकत नाही. ज्यांच्याबरोबर मिस्त्री रोज डबा खात होता त्यांनीच त्याला खाली पाडलं. ताटातली उरलेली हळद त्याच्या तोंडात कोंबली. खुंटीवरच्या बांगड्या काढून त्याच्या जाड मनगटात बसवायला लागले. त्या बसत नव्हत्या, फुटत होत्या, तरी बसवत होते. तो ओरडत होता, "तुटला त्याचं तोंड पाहा! तोंड काळं असन!" त्याचा अर्थ मला कळत होता. जुना तडा असेल तर तुटलेल्या जागी तेवढा भाग काळपट दिसतो आणि नवा तुटलेला भाग चमकतो. मी पट्ट्याकडे गेलो. पण भटजी म्हणाले, पूजलेली वस्तू भंगली, आता तिला हात लावू नका. मी तरी हात पुढे केला तेव्हा कोणीतरी मला मागच्या मागे लट्ठ्यांवर ढकललं. ओठ फुटला. उठेपर्यंत पट्टा पोत्यात घालून तलावात सोडायला पाठवला होता.

मिस्त्रीला झेंडूचा तुटका हार घालून रस्त्यापर्यंत नेलं. चौकीदारानं फाटक उघडून धरलं.

शेठच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आरामशीन पुढेही चालत राहिली. त्या गल्लीतल्या एकाही मालकानं मिस्त्रीला परत मशीनवर उभं केलं नाही. पूजलेला पट्टा तोडणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि हे नाव त्याच्या आधी प्रत्येक फाटकावर पोचायचं. मी त्याच्याबरोबर दोन-तीन ठिकाणी गेलो. एका मालकानं मला विचारलं, "तडा होता तर पट्टा दाखवा." जो पट्टा वेळेवर उतरवला तो तुटला असता हे कशावरून दाखवणार? मिस्त्री शेवटी भिवापूरला गेला आणि मिरचीच्या सातऱ्यात, म्हणजे मिरची वाळवून देठं काढतात त्या आवारात, पोती शिवू लागला. तिखटानं त्याचे डोळे बाराही महिने लाल असतात असं गावाकडचे लोक सांगत. मला खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरी लागली होती. सुटीत मी त्याला भेटायला गेलो की तो सगळ्यांसमोर "या साहेब, पाया पडू का?" म्हणायचा आणि पाठ करून बसायचा.

काही वर्षांनी बाबा एकदा खापरखेड्याला आले. जेवताना म्हणाले, बाजारात मिस्त्री भेटला होता. सातऱ्यातले लोक त्याला अजून चिडवतात, म्हणे तडा नव्हताच, हळदीत केस पडला होता. आधी तो शिव्या द्यायचा. आता देत नाही.

"त्यानं तुले एक इचाराले सांगतलं," बाबा म्हणाले. "त्या पोराले इचारा म्हने, तडा होता का नव्हता. माया आता ध्यानात नाई राहत म्हने. खरं सांगाले सांगजा म्हने, उपकाराचं नोको."

बाबांनी घास तसाच हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं डोळे मिटून आवाज ओळखायला शिकवलं, त्याला स्वतःच्या डोळ्यांची खात्री राहिली नव्हती. मी ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसलो. मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. पत्र सातऱ्यातल्या कोणाकडून तरी वाचून घेणार हे मला माहीत होतं, आणि मी ते तसंच लिहिलं.

*

मिस्त्री, तुम्हाला माझा नमस्कार.

हे पत्र जो वाचून दाखवेल त्याला माझी विनंती आहे की त्यानं ते सातऱ्यात सगळे कामावर असताना, मोठ्यानं वाचावं. मधलं काही गाळू नये.

तुम्ही बाबांजवळ विचारलं, तडा होता का. तुम्ही सांगितलं तसं, उपकार बाजूला ठेवून लिहितो.

आदल्या दुपारी भुसा पिठासारखा आणि तपकिरी पडत होता. पट्ट्याला शिट्टी होती. दर फेऱ्याला टिक येत होती आणि ती मी तुमच्या आधी ऐकली, कारण मी मागे उभा होतो. त्याच संध्याकाळी तुम्ही पट्टा घासलेटानं पुसला. सकाळी त्यावर कोरडी हळद होती. एका दाताच्या बुडापासून आत दोन बोटं लांब ओली रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. हळदीत पडलेला केस ओला होत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंची हळद भिजली होती. आत शिरलेलं घासलेट परत येत होतं. मी विज्ञान शिकलो आहे आणि तिथेही याला दुसरा अर्थ शिकवला नाही. तडा होता.

तो त्या लाकडावर तुटला असता का, हे मला माहीत नाही. पाट निघालाही असता. आणखी चार लट्ठेही निघाले असते. हे तुम्हाला खोटं सांगणार नाही, कारण ते तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही मला शिकवलं ते इतकंच की टिक ऐकू आली की थांबायचं. तुटेल की नाही हे पाहायला थांबायचं नाही. त्या दिवशी पट्टा उतरवायची वेळ झालेली होती. तिथे पंचवीस माणसं असतील आणि त्यातल्या दोघांनाच ते दिसलं. मी दुसरा होतो, आणि मी बोललो ते कोणी ऐकलं नाही. आता ऐकावं.

चौकीदार मागच्या उन्हाळ्यात मला नागपूरला इतवारीच्या बाजारात भेटला. तुमची चौकशी केली नाही. मी आपणहून सांगितलं की तुम्ही पोती शिवता. तो म्हणाला, चांगलं झालं. हेही तुम्हाला कळवतो, कारण तुम्ही खरं लिहायला सांगितलं आहे.

इथे आमच्याकडे लाकूड कापायची मशीन आहे. तुमच्यासाठी मी साहेबांना विचारलं होतं. त्यांनी जुन्या मालकाकडे चौकशी केली आणि नाही म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे. होईल असं सांगत नाही.

दिवाळीत गावी येतो आहे. सातऱ्यावर येईन. तुम्ही पाठ करून बसलात तरी मी बसून राहीन. तुमच्या डोळ्यांत घालायला दवाखान्यातून औषध आणतो आहे, ते भांडण न करता घालून घ्या.

तुमच्या पट्ट्यामागे उभा राहणारा.